जिम कॉर्बेट : तीन काडतुसे, एक खिळखिळी बंदूक आणि हुकलेली संधी

नैनीताल : कुमाऊँच्या डोंगरात आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या जिम कॉर्बेट यांना अचूक नेमबाज म्हणून जग ओळखते. त्यांनी स्वतः मात्र आपल्या लेखनात चुकलेल्या नेमांचा, अपुऱ्या काडतुसांचा आणि ऐनवेळी दगा देणाऱ्या हत्यारांचा हिशेब मोकळेपणाने मांडला आहे. नरभक्षकाच्या मागावर असताना हुकलेल्या संधीची किंमत शिकाऱ्यापेक्षा गावकऱ्यांनाच अधिक मोजावी लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

२५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे जन्मलेल्या कॉर्बेट यांचे वडील तेथील पोस्टमास्तर होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती पहिली बंदूक आली, ती ठासणीची दुनळी. कुमाऊँतील पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका परिचिताने पक्ष्यांचे नमुने आणून देण्याच्या बोलीवर ती दिली होती. तिची उजवी नळी फाटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. एकच नळी चालती, बार पुन्हा ठासायला वेळ लागे आणि दारू जपून वापरावी लागे. त्यामुळे जनावराच्या जवळ कसे जावे आणि बार केव्हा काढू नये, हे या मुलाला त्या मोडक्या बंदुकीनेच शिकविले. पुढे रेल्वेच्या नोकरीत आणि मोकामा घाटावरील मालवाहतुकीच्या ठेक्यात त्यांची उमेदीची वीसेक वर्षे गेली.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावणे आले. नेपाळात सुमारे २०० माणसे मारून ती कुमाऊँत उतरली होती आणि तिच्या बळींची संख्या ४३६ वर पोहोचली होती. तहसीलदारांनी शब्द टाकताच २९८ माणसे हाकाऱ्यासाठी जमली. कॉर्बेट यांच्याजवळ ०.५०० बोअरची जड रायफल होती, पण काडतुसे अवघी तीन. तेवढी पुरेशी होतील, असा त्यांचा अंदाज होता.

तो साफ चुकला. ठरलेली खूण होण्यापूर्वीच हाकारा सुरू झाला. कॉर्बेट धावतपळत जागा घेतात न घेतात तोच वाघीण खाली आली. वर बसलेल्या तहसीलदारांनी आपल्या दुनळीचे दोन्ही बार काढले. ती मागे वळली, तेव्हा कॉर्बेट यांनी निरुपायाने झाडलेली पहिली गोळी वाया गेली. वाघीण मेली असे समजून डोंगरावरच्या माणसांनी एकच गलका केला आणि त्या गलक्यानेच ती पुन्हा समोर आली. रायफलीची दर्शिका समुद्रसपाटीच्या हिशेबाने बसविलेली होती. या उंचीवर गोळी किंचित वर जात असे. दुसरी गोळी वाघिणीला लागली, पण हवी त्यापेक्षा मागे. तिसरी खांद्यावर बसली. आता जखमी नरभक्षक वाघीण समोर होती आणि रायफल रिकामी होती.

कॉर्बेट यांनी रायफल खाली ठेवली, धावत चढ चढून तहसीलदारांच्या हातची बंदूक ओढून घेतली आणि ते परत आले. सुमारे वीस फुटांवरून नेम धरताना त्यांच्या लक्षात आले, की नळ्या आणि खटक्याकडचा भाग यांच्यामध्ये ३/८ इंचाच्या आसपास फट आहे. बार डोळ्यांवर उलटण्याचा धोका होता. तरीही त्यांनी तो काढला. नेम वाघिणीच्या उघड्या जबड्यावर होता आणि गोळी लागली उजव्या पंजाला. आधीच्या दोन जखमांनी ती खचलेली होती, म्हणूनच तेवढ्यावर निभावले.

मृत वाघिणीच्या तोंडात या साऱ्या अनर्थाचे मूळ सापडले. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटला होता आणि खालचा पार हाडापर्यंत गेला होता. कधीकाळी कोणाची तरी गोळी चुकून तेथे लागली होती. त्या जखमेमुळे तिला नेहमीचे सावज धरता येईना आणि ती माणसांकडे वळली. जखमी जनावराचा माग अर्धवट सोडून देणाऱ्या शिकाऱ्यांविषयी कॉर्बेट यांनी पुढे इतक्या कठोरपणे का लिहिले, याचे उत्तर त्या तुटक्या सुळ्यांत आहे.

प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी दरबार भरवून तहसीलदारांना बक्षीस दिले, तेही नवी बंदूक! कॉर्बेट यांना ०.२७५ बोअरची हलकी रिग्बी रायफल मिळाली.

मात्र चांगले हत्यार हाती असले, तरी नजर चुकू शकते. १९२९ साली चौगढच्या नरभक्षक वाघिणीबाबत तेच घडले. ती आपल्या वाढलेल्या बछड्यासह एका गायीवर ताव मारत होती. दोहोंपैकी एकाचा रंग फिकट होता. तो वयोमानाने फिकटला असावा, असे समजून कॉर्बेट यांनी त्याच जनावरावर नेम धरला. नेम अचूक लागला, पण मेले ते बछडे. त्या एका चुकीने पुढील वर्षभरात पंधरा जणांचा जीव घेतला, अशी नोंद त्यांनी कोणतीही सबब न सांगता केली आहे.

११ एप्रिल १९३० रोजी ती वाघीण अखेर आठ फुटांवर समोर आली. त्यांच्या डाव्या हातात नुकतीच उचललेली रातवा पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या हातात ती हलकी रिग्बी. जड रायफल असती तर ती एका हाताने वळविणे अशक्य होते. तिच्या नजरेला नजर भिडवून त्यांनी रायफल इंचाइंचाने फिरविली आणि गोळी झाडली. ६४ बळी घेणारी वाघीण जागीच कोसळली. अंडी न फुटता घरट्यात परत गेली.

पुढे कॅमेऱ्याने वाघ टिपण्यातच त्यांना अधिक समाधान वाटू लागले. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी पुढाकार घेतला. १९४४ साली त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये ते बहीण मॅगी यांच्यासह केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले आणि दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.