हिशेबनीस बाईंची शाळा
मेरी रिचमंड (१८६१–१९२८) महाविद्यालयाची पायरी कधी चढल्या नाहीत. १८८९ साली बाल्टिमोरच्या धर्मादाय संस्थेत त्या आल्या, त्याही हिशेब सांभाळण्यास. गरिबांच्या घरी जाता जाता त्यांना उमगले की, नुसत्या कनवाळूपणाने मदत चुकते. १८९७ साली टोरंटोच्या परिषदेत त्यांनी प्रशिक्षण-विद्यालयाची मागणी केली. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कला उन्हाळी वर्ग निघाला. १९१० ते १९२२ या काळात तर ठिकठिकाणच्या संस्थांचे सचिव उन्हाळी वर्गात त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले. शिकवण्याचे साहित्य कोणते? खऱ्या कुटुंबांच्या नोंदी. आज अमेरिकेत परवान्याच्या नूतनीकरणासाठी समाजकार्यकर्त्यांचे शिक्षण तासांनी मोजतात. नियम आवश्यकच, परंतु हजेरीच्या तासांतून स्वतःची चूक शोधण्याची सवय लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. रिचमंडबाईंना १९२१ साली स्मिथ महाविद्यालयाने सन्माननीय पदवी दिली, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या.