किंग काँग: दारा सिंग यांच्याकडून हरलेला पैलवान म्हणून लक्षात राहिलेला माणूस कोण होता?

निवडणुका जवळ आल्या की मराठी बातम्यांमध्ये 'नुरा कुस्ती' हा शब्द हमखास येतो. दोन नेते बाहेर एकमेकांवर तुटून पडतात, पण आतून त्यांचं सगळं ठरलेलं आहे, असा आरोप करायचा असला की हा शब्द वापरतात. शब्द अर्थातच आखाड्यातला आहे. निकाल आधी ठरवून, लोकांना दाखवण्यापुरती झोंबाझोंबी करायची, ती नुरा कुस्ती. तालमीत वाढलेल्या माणसासाठी ही शिवीच.

१९५० आणि ६० च्या दशकांत तिकीट लावून होणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्त्यांवर हा आरोप सतत व्हायचा. मुंबई, कलकत्ता, दिल्लीत हजारोंच्या गर्दीत या कुस्त्या व्हायच्या. त्यांचे नायक होते दारा सिंग, आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या खलनायकांमध्ये सगळ्यांत गाजलेलं नाव होतं किंग काँग.

दारा सिंग यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. किंग काँगच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: दारा सिंग यांनी दोनशे किलोच्या किंग काँगला उचलून आपटलं. हा दोनशे किलोचा माणूस कोण, कुठला, आणि तो सारखा हरत का होता?

ब्रासोव ते सिंगापूर

त्यांचं खरं नाव एमिल चाया. जन्म १९०९ चा, ब्रासोव शहरातला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं आणि पहिल्या महायुद्धानंतर रोमानियात गेलं. त्यामुळे कुणी त्यांना हंगेरियन म्हणतं, कुणी रोमानियन. भारतात तर त्यांची ओळख ऑस्ट्रेलियाचा किंग काँग अशीच झाली. फ्रीस्टाइलच्या धंद्यात पैलवानाचा देश हा त्याच्या पोशाखाचाच एक भाग असायचा. जाहिरातीला जो देश शोभेल तो लावायचा.

नाव तर उघडच सिनेमातून आलेलं. १९३३ मध्ये अमेरिकेत किंग काँग हा चित्रपट आला आणि तो महाकाय वानर जगभर पोचला. तो चित्रपट ज्याने पाहिला त्याला शेवट ठाऊक होता: न्यूयॉर्कच्या सगळ्यांत उंच इमारतीवरून तो वानर खाली कोसळतो. आता हेच नाव घेऊन एखादा अगडबंब पैलवान रिंगमध्ये आला, तर लोक कशाची वाट पाहतील? तो कधी पडतो याचीच.

चाया यांच्या कारकिर्दीचं मुख्य केंद्र होतं सिंगापूर. तिथे 'हॅपी वर्ल्ड' आणि 'ग्रेट वर्ल्ड' नावाची करमणुकीची मोठी मैदानं होती. आपल्याकडच्या जत्रेसारखीच, पण कायमची. खाणंपिणं, नाचगाणी, सिनेमा, आणि जोडीला कुस्त्या. आग्नेय आशियात किंग काँग हे मोठं नाव झालं ते इथे.

आता दारा सिंग यांचा प्रवास पाहा. १९२८ मध्ये पंजाबात जन्मलेले दारा सिंग तरुण वयात कामाधंद्यासाठी सिंगापूरला गेले. तिथे पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात काम करत, हरनाम सिंग यांच्या हाताखाली, त्याच 'ग्रेट वर्ल्ड'मध्ये ते फ्रीस्टाइल शिकले. म्हणजे भारतीय प्रेक्षकांना जे दोघं जन्माचे वैरी वाटत होते, ते एकाच बाजारपेठेत काम करणारे दोन व्यावसायिक होते.

खलनायकाचं काम

फ्रीस्टाइलमध्ये दोन मुख्य भूमिका असतात. अमेरिकेत नायकाला 'बेबीफेस' म्हणतात आणि खलनायकाला 'हील'. आणि हे सगळं ठरलेलं आहे हे बाहेर कुणाला कळू न देण्याच्या शिस्तीला 'केफेब'. नायक आणि खलनायक एका गाडीतून आले तरी केफेब मोडलं.

गोंदियाच्या वाचकाला हे फार समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली, शंकरपट भरले की अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. रात्रभर नाटक चालतं. त्यात खलनायक चांगला वठला तर लोक त्याला बसल्या जागेवरून शिव्या घालतात, आणि त्या नटासाठी तीच पावती असते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद रंगतो तो खलनायकाला शेवटी मारायला हवं होतं की नाही, हिरोची बहीण उगाच का मेली, यावर. नाटक खोटं आहे म्हणून कुणी वाद सोडून देत नाही.

फरक एवढाच की नाटकाच्या पोस्टरवर नाटक असं लिहिलेलं असतं. फ्रीस्टाइलच्या पोस्टरवर कुस्ती लिहिलेलं असायचं. सगळी भानगड तिथे होती.

खलनायकाचं काम दिसतं त्यापेक्षा अवघड. त्याला आधी अजिंक्य वाटावं लागतं. तो जर सुरुवातीलाच भुसभुशीत वाटला, तर त्याला हरवणाऱ्याला किंमत ती काय? शिवाय समोरच्याला इजा होऊ न देता स्वतः आपटून घ्यायचं, तेही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा आपटता येईल इतक्या बेताने.

जपानमधला किंग काँग

१९५५ च्या नोव्हेंबरमध्ये किंग काँग टोकियोत होता. जपानमध्ये टीव्ही सुरू झाला १९५३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी रिकिडोझान या पैलवानाच्या कुस्त्या पाहायला चौकाचौकांत लावलेल्या टीव्हीसमोर अफाट गर्दी व्हायला लागली. महायुद्धात हरलेल्या देशाला परदेशी धिप्पाड पैलवानांना लोळवणारा आपला माणूस मिळाला होता. गंमत म्हणजे हा आपला माणूस जन्माने कोरियन होता, आणि ही गोष्ट जपानी प्रेक्षकांपासून काळजीपूर्वक लपवलेली होती.

आशियाई विजेतेपदाच्या लढतीत रिकिडोझानने किंग काँगला हरवलं. जोडीच्या विजेतेपदात मात्र उलटं झालं. तिथे रिकिडोझान आणि हॅरल्ड साकाटा हरले, आणि जिंकली किंग काँग आणि टायगर जोगिंदर सिंग यांची जोडी. हे जोगिंदर सिंग म्हणजे तेच, ज्यांना हरवून दारा सिंग १९५४ मध्ये रुस्तम-ए-हिंद झाले होते. भारतात दारा सिंग यांच्याविरुद्ध वेगवेगळे उभे राहणारे दोघं जपानमध्ये एका बाजूला! आजचा कुस्तीशौकीन याला 'स्टोरीलाइन'मधली गफलत म्हणेल. तेव्हा टोकियोतली कुस्ती पाहणारा आणि कलकत्त्यातली पाहणारा माणूस वेगळा होता, त्यामुळे ते खपून गेलं.

रांचीतला तो क्षण

दारा सिंग आणि किंग काँग यांची सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी लढत रांचीची. साल १९५६, महिना डिसेंबर. साधारण १३० किलोच्या दारा सिंग यांनी २०० किलोच्या किंग काँगला डोक्याच्या वर उचललं, गरगर फिरवलं आणि फेकलं, अशी ही गोष्ट.

इथे एक छोटा हिशेब करून पाहू. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी मेलबर्न ऑलिंपिक झालं होतं. भारोत्तोलनात सगळ्यांत वरच्या वजनी गटाचं सुवर्ण अमेरिकेच्या पॉल अँडरसनने जिंकलं, आणि त्याने दोन टप्प्यांत डोक्यावर नेलेलं वजन होतं १८७.५ किलो. तेही लोखंडाच्या दांड्याचं, मुठीत नीट धरता येणारं. जिवंत माणूस हा दांडा नव्हे. तो लोंबतो, घसरतो, आणि त्याची इच्छा नसेल तर हातपाय झाडतो.

मग रांचीत काय झालं असेल? पोस्टरवरचं वजन फुगवलेलं असू शकतं, हा एक भाग. पण कुठल्याही फ्रीस्टाइल पैलवानाला विचारा, अशी उचल दोघं मिळून करतात. उचलला जाणारा माणूस योग्य क्षणी उडी मारतो, उचलणाऱ्याच्या खांद्यावर किंवा मांडीवर हात रोवून स्वतःचा भार तोलतो, अंग ताठ धरतो. यात दारा सिंग यांच्या ताकदीला कमीपणा येत नाही. मदत मिळाली तरी एवढा देह वर धरून फिरवायला राक्षसी बळ लागतंच. पण त्या क्षणाचे कर्ते दोघं होते, आणि श्रेय एकालाच मिळालं. कारण ते एकालाच मिळावं, हेच दुसऱ्याचं काम होतं. माझ्या मते किंग काँगची मोजदाद त्याच्या पराभवांवरून करणं म्हणजे निळू फुले यांनी किती सिनेमांत मार खाल्ला यावरून त्यांना नट म्हणून जोखण्यासारखं आहे.

लाल माती विरुद्ध रिंग

प्रेक्षकांचं म्हणणं काय होतं? महाराष्ट्रात तर कुस्ती कळणारा मोठा वर्ग आधीपासून होता. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ पासूनचं. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून पहिला हिंदकेसरी किताब आणला. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. या लाल मातीतल्या शौकिनाला कुस्ती निकाली हवी. पाठ टेकली की संपलं. ज्याच्या पाठीला माती लागली त्याला गावात तोंड दाखवणं जड जातं.

अशा माणसाला रिंगमधला प्रकार पटणं शक्यच नव्हतं. दोरावरून उड्या काय, पंचाच्या पाठीमागे बुक्क्या काय! दुसरीकडे, ज्याला डाव कळत नव्हते पण परदेशी राक्षस भारतीय पैलवानापुढे लोळताना पाहायचा होता, त्याला नुरा हा शब्द ऐकूनही घ्यायचा नव्हता. स्वातंत्र्य मिळून दहाच वर्षं झाली होती, हे विसरून चालणार नाही.

तिसराही एक वर्ग असणार, ज्याला सगळं कळत होतं आणि तरी मजा येत होती. फ्रान्समध्ये रोलाँ बार्थ या विचारवंताने १९५७ च्या आपल्या पुस्तकात याच प्रेक्षकावर निबंध लिहिला. त्याच्या मांडणीचा गाभा असा की इथे कोण जिंकेल यावर पैज लावण्यात अर्थ नसतो. लोक येतात ते दुष्टाला शिक्षा होताना पाहायला.

किंग काँगमुळे नायक किती उंच झाला ते १९६० च्या दशकात दिसलं. १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी दारा सिंग यांना नायक म्हणून घेऊन हिंदी चित्रपट काढला. चित्रपटाचं नाव किंग काँग. पुढे २९ मे १९६८ रोजी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि ते विश्वविजेते म्हणून जाहीर झाले. थेझ खरोखर थोर पैलवान. पण त्या वेळी त्यांचं वय ५२ होतं, आणि एनडब्ल्यूए या सगळ्यांत मानाच्या संघटनेचं विश्वविजेतेपद ते दोन वर्षांपूर्वीच जीन किनिस्कीकडे गमावून बसले होते. मुंबईच्या प्रेक्षकाला हे सांगायची गरज कुणाला वाटणार?

अंडरटेकरच्या पिढीचा वाद

हाच वाद पुढच्या पिढीत केबलवर आला. १९९० च्या दशकात गोंदियापासून गोव्यापर्यंतच्या शाळकरी पोरांकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते होते. उंची, वजन, छाती, किती लढती जिंकल्या यावर ते खेळले जायचे. अंडरटेकरला सात जन्म आहेत, हे वर्गातलं सर्वमान्य सत्य होतं. १९९६ च्या खिलाडियों का खिलाडी या सिनेमात अक्षय कुमारने अंडरटेकरला उचललं, त्यावरही भांडणं झाली. पडद्यावरचा तो अंडरटेकर खरा नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता, हे अनेकांना फार उशिरा कळलं.

गंमत अशी की तोवर ठरलेल्या निकालाचं गुपित अमेरिकेत अधिकृतपणे फुटलेलंही होतं. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटण्यासाठी कंपनीने स्वतःच सांगून टाकलं होतं की हा खेळ नाही, करमणूक आहे. त्याने चाहते कमी झाले नाहीत, वादाचा विषय मात्र बदलला. २००६ मध्ये द ग्रेट खलीने पदार्पणानंतर साधारण दीड महिन्यात अंडरटेकरला सरळ हरवलं, तेव्हा प्रश्न खरं की खोटं हा नव्हता. नव्या माणसाला एवढ्या लवकर एवढा मोठा विजय द्यायला हवा होता का, यावर लोक भांडत होते. भारतात अर्थातच बहुतेकांचं उत्तर हो असंच होतं.

शेवटची लढत

किंग काँगच्या वाट्याला असे चाहते आले नाहीत. त्याचा पराभव नीट लिहिला गेला का, त्याला एकदा तरी जिंकू द्यायला हवं होतं का, असं विचारणारं कुणी नव्हतं.

एमिल चाया साठीला आले तरी रिंगमध्ये उतरत होते. १९७० मध्ये मलेशियातून सिंगापूरला परतताना मलाक्काजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला. काही आठवड्यांनी, मे महिन्यात, सिंगापुरात त्यांचा मृत्यू झाला. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दारा सिंग १९८३ पर्यंत कुस्ती खेळले, आणि १९८७ मध्ये रामायण मालिकेत हनुमान होऊन घराघरातल्या टीव्हीवर आले.