कोबीच्या मळ्यातील अग्निबाण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. रॉबर्ट गॉडर्ड यांचा जन्म तेथे ५ ऑक्टोबर १८८२ रोजी झाला. लहानपणी रॉबर्टची प्रकृती नाजूक असे. आजारपणामुळे शाळा बुडे. परंतु वाचन बुडत नसे. सतरा वर्षांचा असताना, १९ ऑक्टोबर १८९९ रोजी, तो चेरीच्या एका उंच झाडावर वाळलेल्या फांद्या छाटण्यासाठी चढला. खाली कुरण पसरलेले होते आणि वर निरभ्र आकाश होते. या कुरणातून उडून थेट मंगळापर्यंत जाईल असे एखादे यंत्र करता येईल काय, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो पुन्हा कधी गेलाच नाही. पुढे जन्मभर गॉडर्ड हा दिवस एखाद्या सणासारखा पाळीत असत.

१९११ साली त्यांनी क्लार्क विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली. दोनच वर्षांनी त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि ते वाचतील अशी आशा फारशी कोणाला नव्हती. परंतु अंथरुणावरही त्यांची लेखणी थांबली नाही. १९१४ साली त्यांना अग्निबाणाच्या दोन कल्पनांचे पेटंट मिळाले. एकावर एक टप्पे रचलेला बाण ही पहिली कल्पना आणि द्रवरूप इंधनावर चालणारा बाण ही दुसरी.

दिवाळीतला बाण दारूने उडतो. गॉडर्ड यांना त्याहून कितीतरी अधिक जोर हवा होता. तो पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू यांच्या ज्वलनातून मिळेल, असे त्यांनी गणिताने ताडले. अवकाशात हवा नसल्यामुळे प्राणवायू बरोबर नेणे भागच होते. परंतु हा द्रव उणे १८३ अंश सेल्सिअस इतका थंड, आणि तो जेथे जळणार त्या कोठीत धातू वितळवील अशी आग! या दोहोंचा एका लहानशा नळकांड्यात मेळ घालावयाचा होता.

१९२० च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने त्यांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. अग्निबाण चंद्रापर्यंतही पोहोचू शकेल, असे त्यात एके ठिकाणी म्हटले होते. झाले! न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली. जेथे रेटा द्यावयास हवाच नाही, तेथे बाण पुढे कसा सरकणार, असा त्याचा आक्षेप होता. वस्तुतः बंदूक झाडली की खांद्याला धक्का बसतो, तो हवेमुळे बसत नाही. त्याचप्रमाणे वेगाने बाहेर पडणारा वायूच बाणाला पुढे लोटतो. निर्वात केलेल्या नळीत प्रयोग करून गॉडर्ड यांनी हे अगोदरच सिद्ध केले होते. थट्टा मात्र त्यांच्या मनाला लागली. त्यानंतर ते लोकांपुढे फारसे बोलेनासे झाले.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी त्यांच्या एफी आत्याच्या शेतात पहिला द्रव-इंधनाचा बाण उभा राहिला. त्याचे यंत्र वरच्या टोकाला होते आणि इंधनाच्या टाक्या खाली होत्या. पुढे जुंपलेले बैल गाडी सरळ ओढतात, तसे हे यंत्र बाणाला सरळ ओढील असा हिशेब होता. पेटवल्यावर बाण क्षणभर जागीच गुरगुरला आणि मग उडाला. पत्नी एस्थर यांच्या हातातील चलच्चित्र-कॅमेऱ्याची चावी नेमकी तेव्हाच संपली! अडीच सेकंदांत बाण ४१ फूट चढला आणि १८४ फुटांवर कोबीच्या मळ्यात कोसळला.

यंत्र वर ठेवून बाण सरळ जात नाही, कारण बाण कलला की यंत्रही त्याच्याबरोबर कलते, हे गॉडर्ड यांना उमगले. मे महिन्यात त्यांनी यंत्र खाली बसवलेला बाण केला. त्यात पहिल्या बाणाचे भागही वापरले होते. तो जमिनीवरून उठलाच नाही! तोच बाण पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवण्यात आला.

१७ जुलै १९२९ च्या उड्डाणाचा आवाज इतका मोठा झाला, की विमान कोसळले असे समजून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. वृत्तपत्रांना पुन्हा थट्टेला विषय मिळाला आणि त्या राज्यात असे प्रयोग करण्यास मनाई झाली. हे सारे वाचून प्रख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग गॉडर्ड यांना मुद्दाम भेटले. त्यांच्या खटपटीने डॅनिअल गुगेनहाइम या धनिकाने पैसा दिला आणि १९३० साली गॉडर्ड न्यू मेक्सिकोतील रॉसवेलच्या ओसाड माळावर राहावयास गेले.

तेथेही अपयशांची रांग संपली नाही. ज्वलनकोठीची भिंत आगीने वितळून फुटे. तेव्हा भिंतीच्या आतून पेट्रोलचा पातळ पडदा वाहता ठेवून ती थंड राखण्याची युक्ती त्यांनी वापरली. बाण वाटेतच वाकडे होत. फिरता भोवरा तोल सोडत नाही. या तत्त्वावर चालणारा जायरोस्कोप त्यांनी बाणात बसवला. बाण कलला की हा भोवरा वायूच्या झोतातील पाती वळवून त्याला सरळ करी. प्रत्येक चाचणीनंतर माळावरचे तुकडे गोळा करावयाचे, काय बिघडले ते वहीत लिहावयाचे आणि पुन्हा कामाला लागावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९३५ च्या सप्टेंबरात लिंडबर्ग स्वतः उड्डाण पाहावयास आले, तर त्यांच्यापुढे दोन्ही प्रयत्न फसले! एवढ्या वर्षांच्या श्रमांनंतर ते दोन दिवस गॉडर्ड यांना किती जड गेले असतील! परंतु १९३७ च्या मार्चमध्ये त्यांचा एक बाण दीड मैलाहून अधिक उंच गेला.

१० ऑगस्ट १९४५ रोजी घशाच्या कर्करोगाने गॉडर्ड यांचे निधन झाले. त्यांच्या वह्या आणि टिपणे एस्थर यांनी लावून घेतली व उरलेल्या कल्पनांची पेटंटे मिळवली. ती सारी मिळून २१४ भरली. १९६० साली अमेरिकन सरकारने त्यांच्या वापराबद्दल दहा लाख डॉलर दिले. १७ जुलै १९६९ रोजी, तीन अंतराळवीर चंद्राच्या वाटेवर असताना, न्यूयॉर्क टाइम्सने आपली एकोणपन्नास वर्षांपूर्वीची चूक छापून मान्य केली.