अलिबागच्या वेधशाळेचे नानाभाई मूस

बालमित्रांनो, होकायंत्र टेबलावर ठेवले की त्याची सुई लगेच थांबत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. उत्तरेच्या अलीकडे-पलीकडे ती हेलकावे खात राहते. स्प्रिंगला टांगलेले वजनही असेच नाचत राहते. स्प्रिंग वजनाला पुन्हा पुन्हा जागेवर ओढते, तसे पृथ्वीचे चुंबकत्व सुईला ओढते. हे नाचणे थांबवावे कसे, आणि त्यातले कोणते थांबवावे नि कोणते नाही, हे नेमके ओळखणाऱ्या एका मुंबईकर शास्त्रज्ञाची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ सालचा, पारशी घराण्यातला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एल.सी.ई. होऊन ते एडिंबरोला गेले आणि तेथे बी.एस्सी. झाले. परत आल्यावर त्यांनी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय! (आमच्यासारख्या इंजिनिअर पालकांची कॉलर येथे थोडी ताठ होते, ते असो.)

ही वेधशाळा १८२६ सालची. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. बारीक धाग्याने चुंबक टांगायचा, त्याला छोटासा आरसा लावायचा आणि आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर पाडायचा. चुंबक केसभर वळला, तरी ठिपका चांगला सरकतो. पण असा नाजूक चुंबक जरा धक्का लागला की डोलतच राहतो. मग पृथ्वीने केलेला बदल कोणता आणि चुंबकाचे स्वतःचे डोलणे कोणते, हे कसे कळणार?

यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे. चुंबकाच्या अगदी जवळ तांब्याचा जाड तुकडा बसवतात. तांबे चुंबकाला चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण चुंबक हलला की तांब्यात विजेचे छोटे भोवरे निर्माण होतात आणि ते चुंबकाच्या हालचालीलाच विरोध करतात. डोलण्यातली शक्ती तांब्यात उष्णता होऊन जिरते. चुंबक थांबला की भोवरेही थांबतात, म्हणून चुंबक ज्या दिशेला राहायला हवा तेथेच राहतो. आईबाबांना बरोबर घेऊन तांब्याच्या नळीतून एक छोटा पण जोरकस चुंबक सोडून पाहा. तो दगडासारखा पडत नाही, सावकाश उतरतो!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्याला मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपमापक आले. त्याच्या लंबकाला असा आवर जवळजवळ नव्हताच. जमीन हलायची थांबली, तरी लंबक हलतच राही. पुढे रशियात गॅलित्झिन यांनी चुंबक आणि धातूची पट्टी वापरून तोही प्रश्न सोडवला.

मूस यांच्यापुढे मात्र वेगळेच संकट आले. मुंबईत तेव्हा घोड्यांच्या ट्राम होत्या. त्या विजेवर चालवायचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीतही झिरपतो, आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व! प्रत्येक ट्राम सुटताना आणि थांबताना कुलाब्याचे चुंबक हलले असते. येथे तांब्याचा उपयोग नाही. तांबे चुंबकाचे स्वतःचे डोलणे जिरवते. बाहेरून खरोखरच बदललेले चुंबकत्व ते कसे लपवणार? आणि चुंबकाला त्याहून सुस्त करावे, तर ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, ती सूर्याकडून येणारी झटपट चुंबकीय वादळेही पुसट झाली असती.

मूस यांनी उपकरणांना दोष दिला नाही. जागाच बदलायची ठरवली. सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. गंमत अशी, की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. म्हणजे कुलाबा सोडून पुन्हा कुलाब्यातच! आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोह असते, म्हणून बांधकामाला पोरबंदरचा दगड तपासून, निवडून आणला. लोखंडाऐवजी तांबे, पितळ आणि लाकूड वापरले.

१९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले. पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो ते कळल्यामुळे जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता आली. आम्ही कॉम्प्युटरवाले नवी प्रणाली आणताना जुनी काही दिवस शेजारी चालू ठेवतो, तेच हे. पण दोन वर्षे धीर धरणारा वरिष्ठ आम्हाला अजून भेटायचा आहे. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबक सुखरूप होते.

१९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींचा अभ्यास दोन भागांत प्रसिद्ध केला. चुंबकीय वादळ कसे उठते आणि हळूहळू कसे ओसरते, ते त्यात दिसते. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले.

त्यांच्या जन्माच्याच वर्षी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, फार मोठे चुंबकीय वादळ झाले होते. कुलाब्याच्या लोकांनी त्याचे आकडे वहीत उतरवले होते. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाचा जोर काढला. असे वादळ आज आले, तर उपग्रह आणि वीजपुरवठा यांचे काय होईल, हा विचार कुवेतमध्येही करावाच लागतो.

सुट्टीत मुंबईला गेलात, तर गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडा. तेथून अलिबाग जवळच आहे. तेथे चुंबकांची मोजणी अजूनही चालू आहे.