शस्त्रक्रियागृहातील हवा बदलणारे चार्नली

खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथे कृत्रिम सांधा बसवणे आज शहरांतील मोठ्या रुग्णालयांत नित्याचे झाले आहे. या शस्त्रक्रियेला भरवशाचे रूप दिले सर जॉन चार्नली यांनी. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मँचेस्टरला ते डॉक्टर झाले, महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत गेले. युद्धानंतर हाडाचे कलम कसे रुजते हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकरवी स्वतःच्याच नडगीवर प्रयोग करवून घेतला. तेथे जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. हाडात शिरलेले जंतू किती चिवट असतात, हे त्यांना असे स्वतःच्या पायावर कळले.

विगनजवळच्या राइटिंग्टन या पूर्वीच्या क्षयरुग्णालयात १९६१ मध्ये त्यांचे खुबा शस्त्रक्रिया केंद्र उघडले. सुमारे ३०० रुग्णांना बसवलेली टेफ्लॉनची वाटी काही वर्षांतच झिजली. ते सांधे पुन्हा उघडण्याचे कष्टप्रद काम त्यांनी केले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि पोलादी गोळा ही जोडी वापरली. झिजेचा प्रश्न बराचसा सुटला.

जंतूंचा मात्र सुटला नव्हता. सुरुवातीच्या काळात शंभरांत सुमारे सात सांधे संसर्गाने बिघडत. धातूवर बसलेले जिवाणू स्वतःभोवती चिकट थर विणतात. प्रतिजैविके तेथे निष्प्रभ ठरतात आणि बहुधा सांधाच काढावा लागतो. शरीर न उघडता, बाहेरून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने सांध्याचा पृष्ठभाग क्षणभर तापवून हा थर मोडण्याचे प्रयोग अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. इंडक्शन शेगडीवर भांडे तापते, तेच हे तत्त्व. चार्नलींच्या हाती असे काहीच नव्हते. जंतू आत शिरूच नयेत, एवढाच मार्ग उरला होता.

त्यांचा संशय हवेवर होता. सूतगिरण्यांत वायुवीजनाची कामे करत आलेल्या हॉवर्थ कंपनीच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती बंदिस्त कक्ष उभारला. वरून गाळलेली हवा सतत खाली वाहे. शल्यविशारदांच्या अंगावर नखशिखांत झगा असे आणि त्यांचा उच्छ्वास नळीने बाहेर ओढला जाई. पाहणाऱ्यांना ते अंतराळवीर वाटत. संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले.

टीकाकारांचे समाधान झाले नाही, आणि त्यांचा आक्षेप गैर नव्हता. अनेक खबरदाऱ्या एकाच वेळी घेतल्या असताना श्रेय एकट्या हवेला कसे द्यावे? ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने मग अनेक रुग्णालयांतील आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची तुलना केली. अतिशुद्ध हवेत खोलवरचा संसर्ग निम्म्यावर येतो, असे आढळले. आधीच दिलेली प्रतिजैविकेही गुणकारी ठरली. चार्नलींनी मात्र त्यांवर फारसा भर दिला नव्हता. हे निष्कर्ष जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ ऑगस्ट १९८२ रोजी चार्नली निवर्तले.