भास्कराचार्य : उत्तर कुठवर खरं?



पाचवीच्या मुलांना एक गणित घालून बघा. सहलीला १३० मुलं आहेत, एका बसमध्ये ४० मुलं बसतात, तर बस किती लागतील? काही मुलं भागाकार अगदी बरोबर करतात आणि सव्वातीन बस असं लिहून मोकळी होतात. पण सव्वातीन बस आणायच्या कुठून? उत्तर काढणं हे एक काम आणि ते उत्तर कुठे चालतं हे तपासणं हे दुसरं काम. हे दुसरं काम नऊशे वर्षांपूर्वी मनापासून करणाऱ्या आपल्या मातीतल्या गणितज्ञाची आज ओळख करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड हे त्यांचं गाव. ते नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती अडकल्याने तिचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण ती त्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे ती पसरली. म्हणून मुलांना सांगताना दंतकथा म्हणूनच सांगावी.

आता त्यांच्या बीजगणितातलं माकडांचं गणित बघा. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले आणि येईल त्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक माकड झाडावर उरलं. तर कळप किती माकडांचा? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ माकडं वजा कशी करणार? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारलं. माकडांच्याच दुसऱ्या एका गणितात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग आणि उरलेली १२ माकडं मिळून पूर्ण कळप होतो. तिथे ४८ आणि १६ अशी उत्तरं येतात. ती दोन्ही त्यांनी स्वीकारली, कारण दोन्हींत काहीच अडत नाही. म्हणजे दरवेळी एकच नियम लावला नाही, दरवेळी तपासून पाहिलं.

त्यांचं याहून मोठं काम ग्रहगणितात आहे. चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते. त्यासाठी त्यांनी तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, काढायची रीत दिली. आणि सोबत मर्यादाही सांगितली : तिथीचा शेवट जवळ असेल तर ही गती वापरा, लांबचं गणित असेल तर दिवसाची ठोकळ गती घ्या. हे आपल्याकडच्या उदाहरणाने लगेच पटेल. मोशीजवळ कंपनीच्या बसचा काटा ६० वर असेल, तर पुढच्या अर्ध्या मिनिटात बस अंदाजे अर्धा किलोमीटर जाईल हे सांगता येतं. पण त्याच काट्यावरून चाकणच्या तळेगाव चौकात किती वाजता पोहोचू हे सांगायला जाल तर फसाल!

न्यूटन आणि लायब्निझ यांनी पाचशेहून अधिक वर्षांनी कलनशास्त्र उभं केलं. भास्कराचार्यांनी अवकल समीकरणं, म्हणजे आपली मुलं बारावीला शिकतात ती डिफरन्शियल इक्वेशन्स, मांडली नव्हती. पण तिथेही प्रश्न हाच येतो. समजा, एखादी राशी सुरुवातीला १ आहे आणि तिच्या वाढीचा वेग तिच्याच वर्गाइतका आहे. उत्तर येतं : १ ÷ (१ − वेळ). वेळ ०.५ असताना राशी २ होते, ०.९ ला १०. वेळ १ झाली की छेदात शून्य! सूत्रात वेळ २ घातली तर −१ मिळतं खरं, पण वाढत जाणारी ती राशी तिथवर पोहोचतच नाही. म्हणून या उत्तराचं क्षेत्र वेळ १ च्या अलीकडेच संपतं. ते उत्तराशेजारी लिहिलं नाही तर उत्तर अर्धवटच राहतं.

छेदातल्या शून्याचा विचार भास्कराचार्यांनीही केला होता. अशा राशीला त्यांनी खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. आजचं गणित शून्याने भागायला परवानगीच देत नाही. म्हणजे थोरांच्या उत्तरांनाही मर्यादा असते, हेही मुलांना जरूर सांगा.

वयाच्या ६९ व्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात गेला. नातू चांगदेवाने इ.स. १२०७ च्या सुमारास चाळीसगावजवळ पाटण इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात याची नोंद आहे आणि मठाला दिलेल्या देणग्यांचा तपशील चक्क जुन्या मराठीत आहे. आजोबांची शाळा चालावी म्हणून नातवाची ही धडपड!

आता आपलं काम. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पालकांना हे शिकवावं लागत नाही. ड्रॉइंगवर मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो. त्याच्या आत असेल तर माल पास, बाहेर गेला की रिजेक्ट. घरी मुलांना ते जरूर दाखवा. आणि शिक्षकांनो, वहीत उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आधी मुलांकडून आणखी एक ओळ लिहून घ्या : हे उत्तर कुठे चालेल, कुठे नाही? शिष्यवृत्तीच्या परीक्षेत या ओळीला वेगळे गुण नाहीत. पण पुढे मशीनवर उभं राहणाऱ्या, औषधाचा डोस ठरवणाऱ्या किंवा पूल बांधणाऱ्या आपल्या मुलाला हीच ओळ लागणार आहे.