डॉक्टर रॉबर्ट कॉख

मोठे शोध मोठ्या नगरांतच लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे, हे डॉक्टर रॉबर्ट कॉख ह्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल गावी झाला. वडील खाणींच्या कामावर होते व घरी मुलांचा मोठा परिवार होता. वैद्यकी शिकून कॉख १८७२ साली वोल्श्टाइन नावाच्या आडगावी सरकारी वैद्य झाले. हे गाव आता पोलंड देशात आहे.

त्या मुलखात काळपुळीने गुरेमेंढरे पटापट मरत, आणि त्यांचे कातडे काढणारी माणसेही ह्या रोगास बळी पडत. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसतात, हे पूर्वीच कळले होते. परंतु रोगाचे मूळ तेच, हे सिद्ध झाले नव्हते. कॉख ह्यांनी रोगी पाहून उरलेल्या वेळात घरीच प्रयोग आरंभिले. रोगट जनावराच्या पानथरीचे रक्त त्यांनी लाकडाच्या बारीक काडीने उंदरांना टोचले, उंदीर मेले. पुढे बैलाच्या डोळ्यातील पाण्यात ते जंतू वाढवून टोचले. तरी परिणाम तोच. शिवाय हे जंतू कठीण काळी कवचबद्ध बीजाचे रूप घेतात, असेही त्यांस दिसले. हे बीज मातीत अनेक वर्षे टिकते. म्हणून त्याच कुरणात गुरे पुनःपुन्हा मरतात. १८७६ साली त्यांनी हे सर्व ब्रेस्लाउ येथील विद्वानांस दाखविले.

२४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी ते मुंबईस आले होते. १९०५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २७ मे १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले.

एवढा विद्वानही एकदा चुकला. गाईच्या क्षयापासून माणसास फारसे भय नाही, असे त्यांनी १९०१ साली लंडन येथे प्रतिपादिले. पुढील शोधांनी ते खोटे ठरविले. रोगी गाईच्या कच्च्या दुधातून क्षय माणसास, विशेषतः लेकरांस, होतो.

वाचकहो, गडचिरोली व चंद्रपूरच्या रानात आपली गुरे मोकळी चरतात. म्हणून ह्या चरित्राचा बोध आपणास अगत्याचा आहे. बैल मेला म्हणजे गरिबाच्या घरावर कुऱ्हाडच पडते. निदान कातडे तरी हाती लागावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर त्यास चिरू नये, सोलू नये, त्याचे मांस खाऊ नये. गुरांच्या दवाखान्यास कळवून त्यास चुन्यासह खोल पुरावे. हाताळणाऱ्याच्या अंगावर न दुखणारा काळा फोड उठल्यास त्याने तत्काळ इस्पितळ गाठावे. वेळीच औषध मिळाल्यास तो बरा होतो. गुरांस लस टोचून घ्यावी, आणि दूध नेहमी उकळूनच प्यावे.